हाकेची टेकडी

या टेकडीवर देऊळ नाही. वर येणारी पाहुणेमंडळी आधी तेच शोधतात, म्हणून मी पहिल्यांदाच सांगून टाकतो. समुद्राकाठची उंच जागा आणि तिथं देव नाही, असं आपल्या कोकणात सहसा होत नाही. आमच्या दिवेखारला झालंय. इथं आहे तो फक्त हा काळा, सपाट कातळ. त्याच्या मधोमध पावलांएवढ्या दोन खोलगट जागा दिसतात ना, त्या कुणी कोरलेल्या नाहीत. उभं राहून राहून झिजल्या, असं सांगतात. गावात हिला हाकेची टेकडी म्हणतात.

बसा. वारा आहे, पण बसा. आता खाडीच्या बाजूला बघा. ही सगळी भातखाचरं एके काळी समुद्राची होती. आमच्या पूर्वजांनी चिखलाचा बांध घालून ती मिळवली. भरती बांधाबाहेर राहते. आतलं पावसाचं पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या त्या लाकडी दारातून, बाहेर सोडतात. गाव बांधाच्या आत आहे, भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. जन्मापासून तसंच बघतोय, त्यामुळे आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आणि पार तिकडं, खाडीच्या वळणाशी, हिरव्या रानात मध्येच एक पांढुरका पट्टा आहे. तिथं गवताची काडी उगवत नाही. पूर्वी तिथं, बांधाच्या आतच, मिठागर होतं.

ही गोष्ट किती जुनी, ते मला सांगता यायचं नाही. माझ्या आजोबांच्या आजोबांनीही ती ऐकलेलीच होती.

त्या काळी गावात चांगूबाय नावाची सुईण होती. गावात दोनशे बारा माणसं, आणि त्यातली चाळिशीच्या आतली सगळी तिच्या हातावर जन्मलेली. कोण कुणाचा, कुणाला आजोबाचं नाव ठेवलं, कुणाला नवसाचं, पाळण्यातलं कोणतं आणि घरात हाक मारायचं कोणतं, हे सगळं तिला तोंडपाठ. आवाज असा की बांधावर कामाला गेलेल्या नवऱ्याला ती अंगणातूनच जेवायला बोलवायची, आणि त्याच्याबरोबर चार शेतांपलीकडची माणसंही हातपाय धुवायला उठायची म्हणे. पुढं नवरा गेला. पोटी मूल नव्हतं. पण गावातली लहानथोर माणसं तिला आयेच म्हणायची.

मिठागरावर दरसाल डोंगराकडून माणसं कामाला येत. दिवाळी झाली की यायची, पावसाच्या तोंडावर जायची. गावातलं कुणी त्यांना नावानं ओळखत नव्हतं. मिठवाले, एवढंच. ‘ए मिठवाल्या, ती टोपली उचल.’ ‘त्या मिठवालीला बाजूला व्हायला सांग.’ त्यात काही वावगं आहे असं गावाला वाटलं नाही. त्या साली फाल्गुनात त्यांच्यातली एक बाई अडली. चांगूबायला बोलावणं आलं, तशी ती गेली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तिच्या उशाशी बसली. मुलगा झाला. नाळ कापली, बाळाला पुसलं, आईच्या कुशीत दिलं आणि हात धुऊन घरी आली. बाईचं नाव विचारायचं राहून गेलं.

मग वैशाखाची अमावस्या आली.

चार दिवस पान हलत नव्हतं. कान्हू कोळी म्हणून एक होता, गावात मोठी होडी त्याचीच. त्यानं आदल्या दिवशी ती खाडीतून काढली आणि माणसं लावून या टेकडीच्या पायथ्याशी ओढून आणली. लोक हसले. तो म्हणाला, “पाण्याचा रंग बरा नाय. मी वर बांधतो, तुम्ही तुमचं बघा.”

अमावस्येची भरती भर दुपारी असते, हे इकडं पोराटोरांना ठाऊक. त्या दिवशी सकाळीच पश्चिमेकडून वारा सुटला आणि पाणी वेळेच्या कितीतरी आधी बांधाला लागलं. गावचा पाटील होता बामा पाटील. माणूस कष्टाचा होता, बांधावर जीव होता त्याचा. त्यानं ढोल वाजवायला लावला. ढोल वाजला की घरटी एक माणूस फावडं घेऊन बांधावर जायचा, हा गावाचा नियम. सगळे धावले. चिखलाचे गोळे, पेंढा, झापं, मिळेल ते घालून बांध हातभर उंच केला. पाणी हातभर चढलं. पुन्हा केला. पुन्हा चढलं.

चांगूबाय तेव्हा टेकडीच्या उतारावर सरपण गोळा करत होती. तिला वरून जे दिसलं ते बांधावरच्यांना दिसत नव्हतं. समुद्र आणि खाडी यांच्यामधली वाळूची पट्टी नाहीशी झाली होती. तिथून पाण्याची एक काळी भिंत आत येत होती. चांगूबाय कातळावर चढली आणि ओरडली, “बांध सोडा रं! गाव सोडा! वर या!”

बामा पाटलानं ऐकलं. पण बांध सोडायचा म्हणजे जमीन सोडायची. तो म्हणाला, “थोडा वेळ. भरती आता फिरेल.” काही माणसं त्याच्या शब्दाखातर थांबली. काही आयेच्या हाकेनं निघाली. भरती फिरली नाही. पाणी बांधावरून आलं, आणि बांधावर उभी असलेली माणसं पाटलाच्या डोळ्यांदेखत गेली. त्यात त्याचा थोरला मुलगा होता. पाटील स्वतः एका ताडाला धरून वाचला.

एक गोष्ट मात्र ऐकून ठेवा. बांध फुटला नाही. फुटला असता तर बरं झालं असतं. पाणी बांधावरून आत आलं आणि आतच राहिलं. उघाडीच्या तोंडाशी घरांची छपरं आणि मेलेली गुरं येऊन अडकली, दारं उघडेनात. बाहेर ओहोटी लागली तेव्हा आत पुरुषभर पाणी तसंच उभं होतं. आमच्याच पूर्वजांच्या बांधानं ते धरून ठेवलं होतं.

जी माणसं टेकडीवर पोचली ती पावसात कुडकुडत बसली होती. कुणाचं मूल खाली, कुणाची सासू खाली. जो तो आपल्या माणसाच्या नावानं ओरडत होता, आणि त्या गलक्यात खालून कुणी ओ देत असलं तरी ऐकू येत नव्हतं. तेव्हा चांगूबाय म्हणाली, “सगळी गप बसा. मी एकेक नाव घेते. वर असेल त्यानं हात वर करायचा. खाली असेल त्याला ओ देऊ द्या.”

आणि तिनं सुरुवात केली. गावाच्या वरच्या टोकाच्या घरापासून, घरामागून घर, माणसामागून माणूस. एक हाक, मग शांतता, कान देऊन. मग पुढची. ‘हिराजी!’ छपराच्या आढ्यावरून क्षीण आवाज यायचा, “हाय गो आये!” की कान्हू होडी त्या दिशेला घालायचा. ‘बायजा!’ चिंचेच्या फांदीवरून ओ. ‘पदी!’ काही नाही. आये पुन्हा हाक द्यायची. तीनदा द्यायची. तीनदा शांत राहिलं की पुढचं नाव. त्या दुपारपासून अंधार पडेपर्यंत कान्हूनं एकोणचाळीस माणसं आणली. नाव घेतलं नसतं तर त्यातली निम्मी ओरडून थकून पाण्यात पडली असती, असं म्हणतात. आपलं नाव येणार, हे ठाऊक असल्यामुळं माणसं धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी पाऊस आणि धुकं, दहा हातांपलीकडचं दिसेना. पेरणीसाठी ठेवलेल्या भाताची एक कणगी कुणीतरी वर आणली होती. ते भिजलेलं बियाणंच भाजून पोरांना दिलं. चांगूबायचा घसा फाटला होता. तरी ती कातळावर उभी राहून राहिलेली नावं घेत होती. त्या सकाळी आणखी सहा सापडली. एकोणीस नावं अजून बाकी होती.

दुपारी कान्हू होडीतून उतरून वर आला. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. तो पाटलाजवळ बसला आणि म्हणाला, “मिठवाल्यांचं काय झालं असेल?”

बामा पाटील गुडघ्यांत मान घालून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, “अमावस्येला त्यांचं काम बंद असतं. गेले असतील आपल्या गावाला.”

“गेलेले कुणी बघितले?”

मग एक जण म्हणाला, आपलीच एकोणीस माणसं मिळायची आहेत. ते सगळ्यांना पटलं. पटायचंच होतं. कान्हूनं चांगूबायकडं पाहिलं. “आये, तू एक हाक दे त्यांना.”

चांगूबाय कातळावर उभी राहिली. मिठागराच्या दिशेला तोंड केलं. आणि तिच्या तोंडात नाव येईना. एकही नाव नाही. तिनं त्या बाईचा चेहरा आठवला, कपाळावरचं गोंदण आठवलं, बाळाचं डोकं हातात कसं आलं ते आठवलं. नाव नव्हतं. मग वळून तिनं गावाच्या यादीतलं पुढचं नाव घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं. पाणी मात्र हटलं नव्हतं, आणि आता त्याला वास यायला लागला होता. बांध आपल्याच हातानं फोडायचा, असं ठरलं. पाटलानंच सांगितलं. कुठं फोडायचा, यावर मात्र वाद झाला. फोडलेल्या जागेची जमीन वाहून जाणार होती. शेवटी ठरलं की मिठागराच्या अंगाला फोडू, तिथं कुणाचं शेत नाही. कान्हू, पाटील आणि चार गडी होडीतून निघाले. चांगूबाय म्हणाली, मीही येते. कुणी नको म्हटलं नाही.

मिठागरावर त्या साली मिठाची मोठी रास होती. माणसाच्या दुप्पट उंच, वरून गवतानं शाकारलेली. पाणी आलं तेव्हा मिठवाले त्या राशीवर चढले होते. अकरा जण. दुसरी उंच जागा तिथं नव्हती. बांध जवळ होता, पण मध्ये मिठागराला पाणी घ्यायचा खोल पाट. आणि ही डोंगरातली माणसं, पोहायला येणारं त्यांच्यात कुणी नव्हतं.

आणि मिठाची रास पाण्यात विरघळते.

होडी पोचली तेव्हा रास सुपाएवढी उरली होती. तिच्यावर एक बाई बसली होती, कमरेपर्यंत पाण्यात. पायांची कातडी पांढरी पडून सुटली होती. छातीशी फडक्यात बाळ बांधलेलं. चांगूबायनं कपाळावरचं गोंदण ओळखलं. तिनं होडीतून हात पुढं केला आणि बाळाला हात लावला. मग हात मागं घेतला.

बाई रडत नव्हती. पाटलानंच न राहवून विचारलं, “बाकीचे?”

“उतरले,” ती म्हणाली. “रास पुरत नव्हती. आधी माझा सासरा उतरला. मग दीर. मग नवरा. एकेक जण उतरत गेला, म्हणजे वरच्यांना जागा होईल.”

“ओरडला नाहीत? आम्ही आलो असतो.”

“ओरडलो. वारा तुमच्याकडून आमच्याकडं होता.” मग ती म्हणाली, “तुमची हाक येत होती. एकेक नाव साफ ऐकू येत होतं. माझी सासू म्हणाली, ती बाई क्रमानं घेतेय, आपण टोकाला आहोत, आपली पाळी शेवटी येईल. आम्ही वाट बघत होतो. काल दुपारपर्यंत चौघं होतो.”

पाटलानं फावडं खाली ठेवलं आणि तो म्हणाला, “आम्हाला तुमची नावं ठाऊक नव्हती गो बाय.”

त्यावर बोलली चांगूबाय. आवाज गेला होता, घशातून नुसती खरखर येत होती. “खोटं कशाला बोलतोस, बामा? नाव नव्हतं ते निमित्त. मिठवाले म्हणून तरी ओरडता आलं असतं. आयुष्यभर तेच म्हणत आलो ना? मी तोंड फिरवलं.”

त्या दिवशी बांध फोडला. पाणी चार ओहोट्यांमध्ये ओसरलं. गावातले एकोणीस आणि मिठागरावरचे नऊ चिखलात जिथं सापडले तिथून उचलून वर आणले, आणि खाली कोरडी जागाच नसल्यामुळं टेकडीच्या मागच्या उतारावर सगळ्यांना एका रांगेत माती दिली. कोण गावचा, कोण बाहेरचा, असं तेव्हा कुणी पाहिलं नाही. उशिरा सुचलं, एवढंच. बाळाला आईनं शेवटपर्यंत कुणाच्या हाती दिलं नाही.

माती देऊन झाल्यावर चांगूबाय तिच्यापाशी गेली आणि खाली बसली. म्हणाली, “बाय, नाव काय तुझं?”

“सुकरी.”

“तुझ्या माणसांची नावं सांग.”

सुकरीनं सांगितली. चांगूबायनं ती दोनदा स्वतःशी म्हटली, आणि मग या कातळावर येऊन, मिठागराकडं तोंड करून, फाटलेल्या घशानं एकेक नाव हाकेत घेतलं. प्रत्येक नावानंतर ती थांबायची. तीनदा हाक, तीनदा थांबणं, जशी गावाच्या माणसांना दिली तशीच. ओ कुठून येणार? पण सगळं गाव तिथं उभं राहून ऐकत होतं. नऊ नावं झाली. मग ती सुकरीकडं वळली.

“आणि याचं?”

“ठेवलं नव्हतं,” सुकरी म्हणाली. “गावी परत गेल्यावर ठेवणार होतो.”

तेव्हा म्हणे चांगूबाय कोसळली. बाया धरायला धावल्या, तिनं त्यांना दूर केलं. ती उठली, कातळावर पाय रोवले आणि ओरडली, “अजून कोण राहिलंय? जो कोण असशील, ओ दे! नाव नसलं तरी ओ दे!” ती हाक खाडीपलीकडच्या गावात ऐकू गेली असं सांगतात. त्यानंतर तिचा आवाज कायमचा बसला. पुढं सहा वर्षं जगली, पण कुजबुजण्यापलीकडं तिला बोलता आलं नाही.

सुकरीचं पुढं काय झालं, ते दोन तऱ्हांनी सांगतात. काही म्हणतात, गावानं तिला घर बांधून दिलं आणि ती इथंच म्हातारी झाली. मला ते खरं वाटत नाही. माझी आजी सांगायची की बाळाला तिनं एकटीनं मिठागराच्या जागी पुरलं, आणि कुणी दिलेलं पाणीसुद्धा न पिता डोंगराच्या वाटेला लागली. कान्हू तिला पोचवायला निम्म्या वाटेपर्यंत गेला. तिनं वळून पाहिलं नाही.

गावाचं म्हणाल, तर जमीन खारट झाली होती. तीन पावसाळे भाताचं एक रोप धरलं नाही. निम्मी घरं उठून गेली. जे राहिले त्यांनी खेकडे आणि कंदमुळं खाऊन दिवस काढले, आणि बांध पुन्हा घातला, पहिल्यापेक्षा उंच, चार उघाड्यांचा. बामा पाटील रोज बांधावर राबायचा, पण पाटीलकी त्यानं सोडली. त्यानंच गावाला बसवून दोन गोष्टी ठरवून घेतल्या. एक, कातळावरून ‘वर या’ अशी हाक आली की बांध सोडायचा, मग पाटील काही म्हणो. आणि दुसरी, शिवेच्या आत पाय ठेवील त्याला आधी नाव विचारायचं, कामाचं मग.

आजही वैशाख अमावस्येला, दुपारच्या भरतीच्या वेळी, सगळं दिवेखार गाव या टेकडीवर चढतं. त्या दिवशी खाली म्हातारं माणूससुद्धा ठेवत नाहीत, पाठीवर घेऊन येतात. गावातली एखादी बाई, जिचा आवाज चांगला ती, कातळावर उभी राहते आणि सगळ्यांची नावं घेते. माणसं ओ देतात. मुंबईला नोकरीला असलेल्यांसाठी घरातलं कुणीतरी ओ देतं. मग सुकरीच्या माणसांची नऊ नावं. आणि शेवटी, “अजून कोण राहिलंय?” त्या हाकेनंतर कुणी बोलत नाही, पोरं रडायची थांबतात, आणि भरती फिरून पाणी मागं जायला लागेपर्यंत सगळं गाव कान देऊन उभं असतं. मी सत्तर वर्षं उभा राहतोय. तेवढा वेळ फार लांब वाटतो.

आज अमावस्या आहे. बघा, माणसं चढायला लागलीच. कातळाशी उभी आहे ती माझी सून, यंदा हाक तिची आहे. तिला जाऊन आपापली नावं सांगा. आडनाव नको. घरी तुम्हाला ज्या नावानं बोलावतात, ते.